मेळघाटात धूळघाटला रेल्वे स्वतःच्याच डोक्यावरून का जात होती? उटीसारखी दातांची पट्टी का नाही टाकली?

अकोला-खंडवा मार्गाचा नकाशा पाहताना धूळघाटजवळ तुम्हाला रुळाचा तो ४ चा आकडा दिसला. खालून आलेला रूळ गोल फिरतो आणि पुलावरून स्वतःलाच ओलांडून पुढे जातो. हे कुणी हौसेनं केलं असेल का, आणि डोंगरच चढायचा होता तर उटीच्या गाडीसारखे दात लावून सरळ का नाही चढवली, असं तुम्ही विचारलंय. शेवटी असंही विचारलंय की ते आता पाहायला मिळेल का.

त्या आकड्यावर मी नऊ वर्षं कीमन म्हणून, म्हणजे रोज रूळ तपासत चालणारा रेल्वेचा माणूस म्हणून, चाललो आहे. रोज सकाळी खांद्यावर हातोडा, पाना, पिशवीत लाल-हिरव्या झेंड्या आणि गाडीला धोक्याचा इशारा द्यायचे फटाके घेऊन निघायचं. एकेक चावी, म्हणजे रूळ स्लीपरला घट्ट धरणारी लोखंडी पाचर, ठोकत जायचं आणि तसंच परत यायचं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण मनापासून देतो.

आमच्या वऱ्हाडात पऱ्हाटीची भरलेली बंडी चढावर आली की जाणता माणूस बैलांना सरळ चढवत नाही. तो बंडी आडवी घालतो, पुन्हा उलटी आडवी घालतो आणि असा नागमोडी वर जातो. अंतर दुप्पट होतं, पण बैलांच्या मानेवर येणारं ओझं निम्मं होतं. धूळघाटचा वळसा म्हणजे हेच. फरक एवढाच की बंडीला जागच्या जागी वळता येतं, रेल्वेला येत नाही. म्हणून तिचं वळण मोठं होतं आणि वळता वळता ती स्वतःवरूनच जाते.

रेल्वेला चढ एवढा जड का जातो, हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. चाक पोलादाचं, रूळही पोलादाचा. सपाटीवर हेच तिचं बळ, कारण घर्षण फार कमी. एक टन ओझं ओढायला चार-पाच किलोचा जोर पुरतो. पण चढावर तीच गुळगुळीत जोडी अंगावर येते. हा मार्ग मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. त्यावर शेवटी जी डिझेल इंजिनं होती, वायडीएम-४, त्यांचं वजन ७२ टन. सहा आस, प्रत्येकावर १२ टन, आणि सहाही आसांना मोटर. रूळ कोरडा असेल तर वजनाच्या साधारण पावपट जोर चाक न घसरता लागतो, म्हणजे १८ टन. त्याहून जास्त ताकद लावली की चाक जागेवरच गरगरतं. इंजिनात किती अश्वशक्ती आहे याचा तिथं काही उपयोग नसतो.

हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. इंजिन धरून साडेतीनशे टनांची गाडी आहे. दर ५० मीटरला १ मीटर असा चढ असेल तर नुसत्या चढासाठी ७ टन ओढ लागते, आणि रुळाचा, वळणाचा विरोध धरून अजून दोनेक टन. झाले ९. कोरड्या रुळावर निभावतं. हाच चढ दुप्पट उभा करा, २५ मीटरला १ मीटर. आता १४ आणि २ असे १६ टन लागतात. कोरड्या रुळावरसुद्धा गाडी कशीबशी चढेल आणि पानं भिजली की थांबेल. उंची तेवढीच चढायची आहे, मग हातात राहतं ते अंतर. अंतर दुप्पट केलं की ओढ निम्मी होते. दरीत सरळ जायला तेवढी लांबी नसेल, तर ती वळसा घालून तयार करावी लागते. म्हणून तो ४.

पानं भिजली की, असं वर लिहिलं, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

सागाची पानं फाल्गुन-चैत्रात गळतात. थाळीएवढं एकेक पान. ती रुळावर पडतात, गाडीच्या चाकाखाली चिरडतात आणि रुळाच्या माथ्यावर काळपट लेप बसतो. ऊन आहे तोवर त्याचा त्रास नाही. मृगाचा मोठा पाऊस आला तर तो लेप धुऊन नेतो, तेव्हाही त्रास नाही. खरा घात करते ती भुरभुर. लेप नुसता ओला होतो आणि रूळ साबण लावल्यासारखा होतो. अशाच एका मृगाच्या संध्याकाळी वर जाणारी पॅसेंजर वळशाच्या तोंडाशी अडकली. मी बीट, म्हणजे माझ्या वाट्याचा रुळाचा टप्पा, संपवून परत येत होतो. आधी आवाज आला. इंजिनाचा घुमार एकदम चढला आणि त्याच्यासोबत चाकं घसरल्याची किंचाळी. जवळ गेलो तर चाकं फिरताहेत आणि गाडी जागची हलत नाही. चाकाला पकड मिळावी म्हणून ड्रायव्हरसाहेबांनी रुळावर वाळू सोडून पाहिली, पण दमट हवेनं पेटीतली वाळू गोळा झाली होती, नळीतून पडेना.

आमचे मुकादम वयानं मोठे माणूस. खाली उतरले, रुळावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि मला म्हणाले, "अबे, वाळू नाई तं मुरूम घे. पण कोरडा पाह्य, पुलाच्या पोटाखालचा." मी दुपट्टा पसरून पुलाखालचा मुरूम भरून आणला. दगडानं ठेचला. दोन्ही रुळांवर इंजिनाच्या पुढे शंभर-दीडशे पावलं आम्ही तो चिमटीचिमटीनं टाकत गेलो, चुलीवर पिठलं घोटताना बेसन सोडतात तसा, दाट नाही. गाडीतले कोरकू बाप्ये आणि बाया न सांगता उतरल्या, पळसाच्या डहाळ्या तोडल्या आणि पुढची पानं झाडायला लागल्या. अंधार पडत होता. ड्रायव्हरसाहेबांनी गार्डसाहेबांशी बोलून गाडी आधी थोडी मागं घेतली, चाकांखालचा घासलेला तुकडा सोडला, आणि मग अगदी हळू, इंजिनाचा जोर एकेक खाच वाढवत ती उचलली. मुरूम चाकाखाली कुरकुरत होता. गाडी चढली. दुसऱ्या दिवशी त्या जागी दोन्ही रुळांवर निळसर चट्टे दिसले, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, चाकं जागेवर फिरून पोलाद भाजल्याचे. एका चट्ट्याच्या मधोमध खोलगट झालं होतं, नखाला लागायचं. त्यावर चढताना प्रत्येक चाक ठक् करायचं, पुढं रूळ बदलेपर्यंत.

आता वळणाकडे येतो, कारण वळसा घातला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. त्यातून दुसरा तयार होतो.

रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसलेली असतात, बंडीसारखी वेगवेगळी फिरत नाहीत. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. ही अडचण थोडीफार सोडवायला चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, २० ला १ असा तिरपा उतरता असतो. वळणावर चाकांची जोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक मोठ्या घेरावर आणि आतलं लहान घेरावर चालतं. वळण हलकं असेल तर एवढ्यावर भागतं. वळण तीव्र असेल तर नाही भागत. मग बाहेरच्या चाकाची आतल्या बाजूची उंच कड रुळाला घासते आणि चाकं थोडी ओढली जातात. तोही विरोधच, तोही इंजिनालाच ओढावा लागतो. म्हणून वळणावर चढ मुद्दाम कमी ठेवतात. वळणाची तीव्रता अंशांत मोजतात. मीटरगेजला नियम असा की वळणाच्या प्रत्येक अंशाला चढ ०.०३ टक्क्यांनी उतरवायचा. १० अंशांचं वळण असेल तर २ टक्क्यांचा चढ १.७ वर आणायचा, म्हणजे ५० ला १ ऐवजी जवळपास ५९ ला १. पाहा, चढ सौम्य करायला वळसा घातला, आणि वळसा घातला म्हणून चढ अजून सौम्य करावा लागला, म्हणजे रूळ अजून लांबला. आखणी करणारा माणूस या दोन्हींच्या मधे अडकलेला असतो. मला त्या माणसांचा फार आदर वाटतो. संगणक नव्हता, वरून फोटो काढणारं ड्रोन नव्हतं. दुर्बीण, साखळी आणि पायपीट यांवर त्यांनी सातपुड्याची घडी उलगडली आणि खालचा रूळ वरच्या पुलाखालून बरोबर काढला.

हा घासा कीमनला रोज दिसायचा. बाहेरच्या रुळाची आतली बाजू आरशासारखी चकचकीत असायची, आणि तिच्या पायथ्याशी स्लीपरवर लोखंडाचा बारीक भुसा साचलेला. ताजा असेल तर करडा, दोन दिवसांचा असेल तर हळदीकुंकवातल्या कुंकवासारखा लालसर. मी बोटावर घेऊन पाहायचो. भुसा जास्त दिसला की समजायचं, वंगण कमी पडलं किंवा रूळ जागचा हलला. बाहेरच्या रुळाच्या चाव्याही लवकर ढिल्या व्हायच्या. घट्ट चावीवर हातोडा मारला की घंटेसारखा खणखणीत आवाज येतो, ढिल्या चावीचा आवाज बसका, मडकं फुटल्यासारखा. वळशाच्या पूर्ण घेरात आवाज ऐकतच चालायचं. पक्षी ओरडत असले, माकडं खोकत असली, तरी कान चावीवर.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दातांचा.

निलगिरीची गाडी मेट्टुपालयमहून उटीला ४६ किलोमीटर जाते आणि ३२६ मीटरवरून २,२०३ मीटरवर चढते. तिच्या कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात सुमारे १२ ला १ एवढा चढ आहे. वरच्या हिशेबात घालून पाहा. साडेतीनशे टनांच्या गाडीला नुसत्या चढासाठी २९ टन ओढ लागेल. नुसत्या चाकाच्या पकडीवर ते होणारच नाही. म्हणून तिथं रोमन आब्त या स्विस अभियंत्याची पद्धत वापरली. दोन रुळांच्या मधे दातेरी पट्ट्या दोन, शेजारी शेजारी, आणि एकीचा दात जिथं असेल तिथं दुसरीची खाच. इंजिनाच्या पोटातलं दातेरी चाक त्यात अडकतं, आणि पट्ट्या अशा मागेपुढे असल्यामुळे एक तरी दात कायम पकडीत राहतो. वाफेच्या इंजिनात उंच दाबाची वाफ आधी साध्या चाकांचे सिलिंडर चालवते, आणि तीच उरलेली वाफ पुढं दातेरी चाकांचे सिलिंडर चालवते. इंजिन खालच्या टोकाला राहून गाडी वर ढकलतं, म्हणजे जोडणी तुटली तरी डबे इंजिनावरच टेकतील. १८९९ मध्ये ही गाडी कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोचली. मी एकदा मुद्दाम गेलो होतो. दात अडकताना जो कट् कट् कट् आवाज येतो तो ऐकून मला भरून आलं, असं म्हटलं तर लोक हसतील, पण रुळावर आयुष्य काढलेल्याला ते समजेल.

पण त्या टप्प्यात गाडीचा वेग ताशी १३ किलोमीटर. डबे मोजके. इंजिन खास तिथलंच. उटी हे शेवटचं स्टेशन आहे, पुढं कुठं जायचं नाही, म्हणून ते चालतं. धूळघाटचा मार्ग शेवटाचा नव्हता, मधला होता, आणि सगळी गोम तिथंच आहे.

उत्तरेकडे मीटरगेजचं मोठं जाळं होतं, राजस्थानातून इंदूरमार्गे खंडव्यापर्यंत. इंदूर-खंडवा मार्गासाठी होळकरांनी १८७० मध्ये १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं. दक्षिणेकडे निजामाच्या मुलखातली मीटरगेज होती, तिची एक शाखा पूर्णेहून हिंगोलीपर्यंत येऊन थांबली होती. मधे खंडवा ते हिंगोली हा तुटका भाग, आणि त्या तुटक्या भागात आमचा सातपुडा आणि आमचं वऱ्हाड. स्वातंत्र्यानंतरच्या दीडेक दशकात तो भाग जोडला. मग एकच डबा, एकच मालडबा, राजस्थानातून निघून थेट हैदराबादकडे जाऊ लागली. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस अकोल्याच्या कितीतरी लोकांना आठवत असेल. अशा मार्गात मधेच चार-सहा डब्यांपुरता दातांचा तुकडा टाकला असता तर प्रत्येक मालगाडी घाटाखाली तोडावी लागली असती, तुकड्यातुकड्यानं चढवावी लागली असती आणि वर पुन्हा जोडावी लागली असती. जोडण्यासाठी बांधलेला मार्ग तिथंच तुटला असता.

उलटसुलट चढायचाही एक उपाय असतो. दार्जिलिंगच्या गाडीला तसे सहा झेड आहेत: पुढं जायचं, थांबायचं, मागं चढायचं, पुन्हा पुढं. मुंबई-पुण्याच्या बोरघाटातही खंडाळ्याजवळ एक उलटं स्टेशन होतं, गाडी तिथं दिशा बदलायची, ते १९२९ मध्ये नव्या आखणीनं काढून टाकलं. कारण उघड आहे. उलट्या स्टेशनात जेवढी जागा आहे तेवढीच लांब गाडी चालते आणि प्रत्येक गाडीचा वेळ जातो. बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, तिथं आजही कर्जतहून मागं इंजिनं लावून गाड्या ढकलतात. दार्जिलिंगला झेडसोबत वळसेही आहेत, बतासिया त्यातला सगळ्यांना ठाऊक. पण तिथला रूळ दोन फुटी आहे, तो घराच्या अंगणात वळतो. धूळघाटला पूर्ण लांबीची गाडी, न थांबता, न उलटता, त्याच इंजिनानं चढायची होती. त्याला वळसा हाच उपाय.

वळसा जमला त्याचं श्रेय रुळांतल्या अंतरालाही आहे. मीटरगेजला नियमात बसणारं सर्वांत लहान वळण १०९ मीटर त्रिज्येचं, ब्रॉडगेजला, म्हणजे रुंद रुळाला, १७५ मीटरचं. त्रिज्येत फरक दीडपट वाटतो, पण त्या वर्तुळानं घेरलेली जमीन अडीचपट होते. डोंगराच्या कुशीत जिथं मीटरगेज वळते तिथं ब्रॉडगेजला डोंगर कापावा लागतो. म्हणून मार्ग रुंद करायची वेळ आली तेव्हा आहे त्याच जागी स्लीपर बदलून भागणार नव्हतं. शिवाय मार्गाचा सुमारे ३९ किलोमीटरचा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो, आणि मेळघाट हा देशातल्या पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. २०१७ च्या सुरुवातीला मीटरगेज गाडी बंद झाली. अकोल्याहून अकोटपर्यंत ब्रॉडगेज आली, २०२२ मध्ये तिच्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. अकोटच्या पुढं जंगल टाळून, हिवरखेड, सोनाळा, जामोद अशा बाजूनं फेऱ्यानं जायचं ठरलं.

यावर आमच्या भागात खूप वाद झाले. माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. गाडी बंद झाली तेव्हा घाटातल्या कोरकू गावांचा अकोटचा बाजार तुटला, दवाखान्याचा रस्ता तुटला, आणि ते दुःख खरं आहे. त्यांना रस्ता आणि बस मिळायलाच पाहिजे, त्यात सबब नको. पण रुळावर एकदा पहाटे मी गाडीखाली आलेलं सांबर पाहिलंय, पोटात पिल्लू असलेलं. मी आणि मुकादमांनी ते दोघांनी मिळून बाजूला ओढलं, आणि त्या दिवशी दोघांनी डबा उघडला नाही. ब्रॉडगेजवर गाड्या जास्त, वेग जास्त. त्या ३९ किलोमीटरमधून त्या जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, माझ्या नऊ वर्षांच्या वाटेवर पुन्हा गाडी दिसणार नाही हे कळूनही. मात्र वळशावरचा पूल आणि त्याखालची वाट तशीच ठेवावी. भंगारात घालू नये. अभियांत्रिकी शिकणाऱ्या पोरांना वन खात्याच्या माणसासोबत तिथं नेऊन उभं करावं आणि म्हणावं, खालचा रूळ कुठून येतो आणि वरचा कुठं जातो ते चालून पाहा, मग चढाचा हिशेब मांडा.

तुमचा शेवटचा प्रश्न. अकोटपर्यंत गाडीनं येता येईल, पुढं जंगल. आपल्या मनानं रूळ धरून आत चालत जाऊ नका. वन खात्याची परवानगी लागते, आणि ती नसती तरी मी नको म्हटलं असतं. गाड्या थांबल्यापासून तिथं माणसाची ये-जा उरली नाही. अस्वलं कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून रुळासाठी केलेल्या वाटेत, दुपारची सावलीला बसतात, आणि कटिंगमध्ये दोन्हीकडे भिंत असते, पळायला जागा नसते. आम्ही चालायचो तेव्हाही कटिंगच्या तोंडाशी थांबून हातोडा रुळावर तीनदा वाजवायचो, आत काही असेल तर त्याला निघायला वेळ द्यायचो, आणि मगच पाय टाकायचो.